देवणीची खांदेमळणी

ग्यानोबाच्या गोठ्यात गाडी आली त्या दिवशी अख्ख्या गावचे कावळे गप झाले. खोटं वाटत असंल तर वाटू द्या. तारामतीनं सोताच्या कानानं ती शांतता ऐकली. दारात भाकरीचा तुकडा टाकला तरी एक कावळा खाली उतरंना. सगळे लिंबाच्या फांदीवर बसून खाली बघून राहिले होते, आन खाली गाडी उभी.

गाडी लई जुनी. वरून पांढरी, पण जागोजाग रंग उडून काळे डाग पडलेले. डोळे गोल, मोठाले. ग्यानोबानं ती उदगीरहून आणली होती, म्हणजे तारामतीच्या माहेरकडून. तारामती तिच्या भवतीनं एक चक्कर मारून आली आन नवऱ्याला म्हणली, "आवो, ही तर देवणी हाय."

उदगीरकडची देवणी जनावरं अशीच की, पांढऱ्या अंगावर काळे डाग. त्या दिवसापासून गाडीचं नाव देवणी पडलं.

देवणी गोठ्यातच बांधली. बांधली म्हणजे खरंच बांधली. ग्यानोबानं पुढच्या लोखंडी पट्टीला दावं लावून खुट्याला गाठ मारली. त्याच्या हाताला सवय. त्या खुट्याला काजळ्या आन चांद्या बांधलेले असायचे, लालकंधारी जोडी, गुळासारख्या रंगाची. बैल थकले तसे पाहुण्याच्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन सोडले, लेकानं शेत भाड्याच्या ट्रॅक्टरवर घेतलं, आन ग्यानोबाचे हात रिकामे झाले. रिकामे हात लई वाईट दिसतात माणसाला. तो बाजेवर बसून नुसता दोरी वळायचा. एवढी दोरी वळली, एवढी वळली, की ती उलगडली असती तर नायगावाहून लातूरला पोचून उरली असती.

मंग कवातरी त्याला आठवलं, की जवानीत आपण गावच्या मानकऱ्याची, आप्पासाहेबाच्या बापाची, जीप हाकायचो. आन असा तो उदगीरला जाऊन गाडी घेऊन आला.

तारामतीला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट तिनं पहिल्याच दिवशी हेरली. हाकणाऱ्याच्या शेजारी, पुढंच, दुसरी एक जागा होती. तारामतीचा सगळा जन्म मागं बसून गेलेला. बैलगाडीत मागं, पोत्यांच्या संगं. एसटीत मागं. लेकाच्या मोटरसायकलीवर मागं. नवऱ्याचं तोंड कमी आन मानगूट जास्त पाठ होतं तिला. मानगुटीवरचा तीळ तिनं डोळे झाकून काढून दाखवला असता.

तिनं उदगीरला बहिणीला, रत्नम्माला, फोन लावला. "अक्का, मी येणार हाय तुझ्याकडं. पुढं बसून."

"पुढं म्हणजे?"

"म्हणजे ह्यांच्या शेजारी. काचंतून समोर बघत."

रत्नम्मा फोनवर खदाखदा हसली. "तू? एसटीच्या दारात पिशवी उराशी धरून उतरशील, मी चांगली वळखते तुला. पुढं बसून आलीस तर वेशीपासून तुला वाजंत्री लावून आणते बघ."

"लाव मंग वाजंत्री," तारामती म्हणली आन फोन ठेवला. त्या दिवसापासून तिला झोपंत नुसता रस्ता दिसायचा. रस्ता पुढून येतोय, तिच्या मांडीवर पदरासारखा गोळा होतोय, आन ती त्याच्या घड्या घालून ठेवून राहिली.

मंग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या सांजंला खांदेमळणी असती. बैलानं वर्षभर जू वाहिलेलं असतं, खांद्याला घट्टे पडलेले असतात. तर त्या खांद्याला कोमट पाण्यानं शेकायचं, हळद कालवलेलं तूप पळसाच्या पानानं चोळायचं, आन कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाय या. बैल गेल्यापासून ती सांज ग्यानोबाला सोसायची न्हाई. तो उठून शेताकडं निघून जायचा आन दिवे लागल्यावर परतायचा. ह्या साली बी गेला.

तारामती उंबऱ्यावर बसली. समोर गोठा. गोठ्यात देवणी. उन्हाची एक तिरीप पत्र्याच्या भोकातून आत आलेली, त्यात कोंड्याचे कण सोन्यासारखे तरंगून राहिलेले. आन तारामतीला वाटलं, देवणी रवंथ करून राहिली. खरंच. गालाजवळचा पत्रा जरासा हालल्यागत झाला.

"तुला बी कोणी आवतन दिलं न्हाई व्हय गं," तारामती म्हणली.

तिनं चुलीवर तूप कोमट केलं. घरचं, कढवलेलं, कणीदार. त्यात मूठभर हळद कालवली. शेजारच्या बांधावरून पळसाची पानं आणली आन गोठ्यात जाऊन उभी ऱ्हायली. आता गाडीचा खांदा कुठला? वजन ज्याच्यावर येतं तो खांदा. वजन तर चाकावर येतंय. म्हणजे देवणीला चार खांदे. एवढा सरळ हिशोब.

चाकावरची गोल झाकणं उदगीरलाच कुठंतरी गळून पडलेली. मधल्या लोखंडी ताटाला एक भोक दिसत होतं, करंगळी जाईल एवढं. तारामतीला लई बरं वाटलं. म्हणजे आतवर पोचवायची सोय देवानं करूनच ठेवली होती. तिनं पान वळून त्याचं नाळकं केलं, आन त्यातून कोमट तूप सोडलं. चारी चाकांत. पोटभर. उरलेलं बाहेरून चोळलं. मंग आरशाजवळ तोंड नेऊन, कान तिथंच असणार म्हणून, हळूच म्हणली, "आज आवतन घे, उद्या जेवाय ये."

आन देवणीनं सुस्कारा सोडला. आता तो टायरातून आला का कुठून, ते तारामतीनं इचारलं न्हाई.

दुसऱ्या दिशी ग्यानोबानं देवणीला झूल घातली. चांद्याची जुनी, आरशाची. टपाला फुगे बांधले. म्हणला, "हरिओमच्या माय, लोकं बैलं घेऊन जातेत, मी हिला घेऊन जातो. मारुतीला एक चक्कर मारून येतो. तू आल्यावर बस. उद्या उदगीरला जाऊ."

आता त्या गावात मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतेत, आन ते तोरण पहिल्यांदा मानाच्या बैलांनी तोडायचं असतं. मान आप्पासाहेबाचा. त्याच्या बैलांनी तोडल्याबिगर मागचं एक जनावर पुढं सरकत न्हाई. सगळ्या जोड्या वर उतारावर उभ्या. घुंगरं, गुलाल, हलगी. सगळ्यात मागं देवणी.

ग्यानोबानं थांबायला ब्रेकवर पाय दाबला. देवणी थांबली न्हाई.

त्यानं अजून दाबला. पाय खाली गेला, पण देवणी आपली चालली, जशी झोपंतली बाई उठून चालावी. जोरात न्हाई हां. सावकाश, सावकाश. बैलांच्या दोन रांगांच्या मधून, कुणाच्या शिंगाला शिंग न लावता. हलगीवाल्याची काठी वरच राहिली. बैलांनी माना वळवून तिला वाट दिली. आप्पासाहेब हातात नारळ घेऊन वाकलेला होता, तो वर बघतो तर त्याच्या बैलांच्या पुढून आरशाची झूल लखलखत गेली, आन तोरण देवणीच्या कपाळावर तुटलं. आंब्याची पानं हळूहळू खाली आली. कुणी म्हणतं, ती जमिनीवर टेकायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात एका म्हातारीचं पान लावून, खाऊन, थुंकून झालं.

पुढं कडब्याची गंजी होती म्हणून बरं, न्हाईतर देवणी थेट हैद्राबादेतच थांबली असती. गंजीत ती नाकापासून कमरेपर्यंत घुसली आन तिथंच बसली, भुकेल्या जनावरासारखी.

कुणाला खरचटलं बी न्हाई. पण ग्यानोबा उतरला तो पार उतरलेल्या तोंडानं.

आप्पासाहेब धावत आला, धोतर सावरत. "ग्यानबा! माझ्या आज्यापासूनचा मान! गाडीनं तोडलास?"

"आप्पासाहेब, पायानं दगा दिला," ग्यानोबा एवढंच म्हणला.

घरी येऊन त्यानं किल्ली खुंटीला अडकवली आन बाजेवर बसला. तारामतीनं पुरणपोळी वाढली, ती तशीच. "मी दाबला गं," तो म्हणला. "मला वाटलं मी दाबला. पायात जोरच ऱ्हायला न्हाई. आपल्याला कळत न्हाई आन आपण म्हातारं होऊन जातो बघ."

नांदेडहून लेकाचा, हरिओमचा, फोन आला. कुणीतरी तेवढ्यात त्याला चित्र पाठवलेलं. "माय, बापूला गाडी हाकू देऊ नको. ऐतवारी मी येतो आन ती गाडी घेऊन जातो. इकून टाकू."

"बापूला इचार," तारामती म्हणली.

ग्यानोबानं फोन हातात घेतला. "ने बाबा," म्हणला. आन दोरीचा गुंडा पुढं ओढला.

तारामतीला ती दोरी दिसली. उदगीर गेलं, पुढची जागा गेली, त्याचं एवढं न्हाई. पण आता हा माणूस पुन्ना त्या बाजेवर बसणार, दोरी वळत, आन एक दिवस ती दोरी त्याच्या भवतीनंच गुंडाळली जाणार, असं तिच्या डोळ्यापुढं आलं. तिला पक्कं ठाऊक होतं, ह्या माणसाच्या पायाला काही झालेलं न्हाई. रात्री पांघरूण ओढताना तो लाथ मारतो ती तिलाच लागती की.

तिनं नायगावच्या मन्मथला बोलावणं धाडलं. मन्मथ मिस्तरी मूळचा उदगीरकडचा, बोलण्यात कानडी घोळलेली, आन तोंड एवढं चालू की हात थांबले तरी कळायचं न्हाई. गंजीतून ओढून आणलेल्या देवणीपुढं तो शनिवारी सकाळी उकिडवा बसला.

"अव्वा, गाडी लई म्हातारी हाय. चारी चाकाला ड्रम हायेत हिच्या. असं समजा, चाकाच्या आत एक पातेलं पालथं घातलंय. त्या पातेल्याच्या पोटात दोन नाल, वाकडे. त्यांना शू म्हणतेत. पाय दाबला की ते नाल फाकतेत आन पातेल्याला आतून घासतेत. घासलं की चाक थांबतं. एवढंच. झिजले असतील नाल, दुसरं काय."

"पायात जोर नसंल तर?" बाजेवरून ग्यानोबा बोलला.

"तर बी कमीजास्त थांबतं की काका. अगदीच घसरगुंडी कशी व्हईल? बघू तर."

मन्मथनं चाकाखाली दगड लावला, जॅक चढवला, चाक काढलं. आतलं पातेलं काही निघंना. त्यानं लाकडी हातोड्यानं भवतीनं टकटक केलं. ती टकटक लई लांबून आल्यागत वाटत होती, जसं कुणी तारामतीच्या माहेरच्या दारावर वाजवून राहिलंय. तेवढ्यात तिची नजर जमिनीवर गेली. मुंग्या. लाल मुंग्यांची एक ओळ खुट्यापासून निघून नेमकी त्या चाकाकडं गेलेली. आन प्रत्येक मुंगीच्या तोंडात पिवळं काहीतरी.

तारामतीनं हळूच पायानं ती ओळ मोडली.

पातेलं एकदम निखळून मन्मथच्या मांडीवर पडलं. तो बघतच ऱ्हायला. आत सगळं पिवळंजर्द. नाल पिवळे, स्प्रिंगा पिवळ्या, आन थिजलेलं तूप कडंकडंनं, लग्नातल्या शिऱ्यासारखं.

"अय्यय्यो!" मन्मथ म्हणला. "मी आजवर ह्याच्यात चिखल बघितला, एकदा सरडा निघाला. पण हे? अव्वा, कोणी इथं सयपाक केला काय?"

तारामती लिंबावरच्या कावळ्याकडं बघायला लागली. "उंदरानं काही आणून ठेवलं असंल," म्हणली.

"उंदरानं? हळद कालवून?"

बाजेवर दोरी वळणारे हात थांबले. वारा गोठ्यातून बाजेकडं होता. ग्यानोबानं नाक वर केलं, जसं बैल पावसाच्या वासाला करतो. तो उठला. अनवाणी चालत आला, वाकला, आन बोटावर ते तूप घेऊन नाकाशी धरलं. मंग चाकाकडं बघितलं, दुसऱ्या चाकाकडं बघितलं, कोपऱ्यात पडलेल्या वाळक्या पळसाच्या पानांकडं बघितलं.

"हरिओमच्या माय."

"आ."

"खांदेमळणी केलीस हिची?"

तारामती पुन्ना कावळ्याकडं बघायला लागली. कावळा बी तिच्याकडं बघायला लागला.

"चारी खांदे?"

"मंग काय एकच करू? बाकीच्या तिघांनी काय पाप केलं?"

मन्मथ एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं. "काका, ह्यात घासलं तर थांबतंय. तूप घातल्यावर घासणार काय डोंबल? हत्ती जरी ब्रेकवर उभा केला असता तरी ही थांबली नसती."

"हत्ती?" ग्यानोबानं इचारलं.

"हत्ती. तुमच्या पायाचा काय संबंध?"

ग्यानोबा आपल्या पायांकडं बघायला लागला, जसे ते आत्ताच कुठूनतरी गावाहून आले. मंग त्याच्या पोटात काहीतरी हाललं. वर आलं. खांदे गदगदले. तारामतीला वाटलं रडतोय, ती दोन पावलं पुढं झाली, तर तो हसून राहिलेला. एवढा हसला, एवढा हसला, की आप्पासाहेबाच्या वाड्यावरची कबुतरं उडाली आन तिकडं उमरीच्या टेसनावर जाऊन बसली.

"आवतन दिलंस का?" डोळे पुसत त्यानं इचारलं.

"दिलं की. कानात."

"कान कुठला हिचा?"

तारामतीनं आरशाकडं बोट केलं. तो पुन्ना खाली बसला हसत.

मंग मन्मथचं काम दिवसभर चाललं. तुपानं भिजलेले नाल धुवून भागत न्हाई, त्यांनी तूप पिलेलं असतं, म्हणून ते काढून नवे घातले. पातेली पेट्रोलनं धुतली, आतून पॉलिश पेपर मारला, मारता मारता ती चांदीगत चमकायला लागली. तुपानं आतली रबरं बी फुगलेली, ती बदलली. दुपार कलली. पत्र्याच्या भोकातली तिरीप एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सरकत गेली. तारामती उंबऱ्यावर बसून पेंगत होती, आन पेंगेत तिला दिसलं, की काजळ्या आन चांद्या दारात उभे हायेत, देवणीला हुंगून राहिलेत, आन चांद्या म्हणतो, माझी झूल हिला लई शोभती.

"अव्वा!" मन्मथनं हाक मारली. "आता ब्रेकची हवा काढायची. मी खाली जातो. कोणीतरी वर बसून पाय दाबाय पाहिजे. मी म्हणतो तवा दाबायचं, म्हणतो तवा सोडायचं."

ग्यानोबा जागचा हालला न्हाई. हसणं येगळं आन तिथं बसणं येगळं.

तारामतीनं त्याच्याकडं बघितलंच न्हाई. पदर खोचला आन हाकणाऱ्याच्या जागेवर चढून बसली. पण ती एवढीशी, पाय काही पोचंना. ती खाली खाली सरकत गेली, शेवटी काचंतून नुसता अंबाडा दिसायला लागला.

"दाबा!" खालून आवाज आला.

"दाबतेय की!"

"कुठं दाबताय? इकडं तर काहीच येईना!"

"आरं मंग तूच वर ये आन दाखव कुठं हाय ते!"

देवणीनं भोंगा वाजवला. म्हणजे तारामतीचं कोपर लागलं. ग्यानोबा दारापाशी येऊन उभा ऱ्हायला.

"सरक," म्हणला.

"का? मला जमतंय."

"सरक म्हणलं ना."

"कुठं सरकू?"

"तिकडं. शेजारी."

तारामती सरकली. मधल्या दांड्यावरून लुगडं सावरत पलीकडच्या जागेवर जाऊन बसली. ग्यानोबा आत आला, पाय ठेवला.

"दाबा काका! दाबा... धरून ठेवा... सोडा. अजून दाबा... धरा... सोडा."

ग्यानोबाचा पाय खाली जायचा, वर यायचा. पहिल्यांदा मऊ लोण्यात गेल्यागत जायचा. मंग जरा घट्ट. मंग अजून. तारामती त्या पायाकडं बघत होती. पोटरीची शीर ताठ व्हायची आन सैल पडायची, नांगर हाकताना व्हायची तशीच. आन एकदा दाबला तर पाय मधीच थांबला. पुढं जाईचना.

"हे बघ," तो हळूच म्हणला. "अडवून राहिलं."

"तुमी अडवून राहिलाव," तारामती म्हणली.

खालून मन्मथ बाहेर आला, तोंडाला हळद लागलेली, नवरदेवासारखा. "झालं. उतारावर नेऊन बघा."

उतारावर नेली. तोच उतार, तोच मारुतीचा पार, आन पारावर आप्पासाहेब बसलेला. देवणी वरून येताना बघून तो उठला आन पाराच्या पार वरच्या दगडावर जाऊन उभा ऱ्हायला. ग्यानोबानं त्याच्या अगदी पायाशी नेऊन पाय दाबला. देवणी थांबली. मान खाली घालून, गरीब गाईसारखी.

"आप्पासाहेब, तोरण माझ्या बायकोनं तोडलं," ग्यानोबा काचंतून म्हणला. "माझा पाय शाबूत हाय."

आप्पासाहेबानं वाकून आत बघितलं. "ताराबाई, हे खरं?"

"तूप जरा जास्त झालं," तारामती म्हणली. "पुढच्या साली तुमच्या बैलांच्या मागंच ऱ्हाऊ आमी. आवतन बी देऊ तुमाला."

"कानात नका देऊ म्हणजे झालं," आप्पासाहेब म्हणला, आन दगडावरून उतरायला त्याला ग्यानोबाचाच हात धरावा लागला.

ऐतवारी हरिओम नांदेडहून आला तवा गोठा रिकामा होता. खुट्याला नुसतं दावं लोंबत होतं आन मुंग्या उरलंसुरलं गोळा करत होत्या. कावळे मात्र ओरडून राहिले होते, मोकळ्या गळ्यानं.

देवणी तवा मुखेडच्या पुढं होती. तारामती पुढं बसलेली. रस्ता काचंतून येत होता, अगदी सपनात यायचा तसा, आन दोन्ही बाजूला सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. एका तळ्यापाशी ती म्हणली, "थांबवा जरा."

ग्यानोबानं पाय दाबला. थांबली.

"काय झालं?"

"काही न्हाई. चला."

पुढं एका बाभळीपाशी पुन्ना, "थांबवा." थांबली. मेंढरं आडवी गेली तिथं थांबली. एक म्हातारा वाटंला नुसता उभा होता, त्याला रामराम घालायला थांबली. जिथं थांबायचं काहीच कारण नव्हतं तिथं बी थांबली, आन दरवेळी ग्यानोबाची मान जराशी ताठ व्हायची. तारामतीला तो तीळ इकडून दिसत नव्हता. तोंड दिसत होतं. त्याला गालावर एक खळी पडती, हे तिला त्या दिवशी कळलं.

असं थांबत थांबत उदगीर यायला सांज झाली. वेशीपाशी रत्नम्मा उभी होती, कमरंवर हात ठेवून, आन तिच्या मागं खरंच एक सनईवाला पेंगत उभा होता.

"दुपारपासून उभं केलंय त्याला!" रत्नम्मा ओरडली. "एवढा उशीर? रस्त्यात बंद पडली व्हय गं गाडी?"

"बंद कशाला पडंल," तारामती आतूनच म्हणली. "आमी थांबवत होताव."